जीव किती खोल लावायचा

अहो,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. मी मजेत आहे, खोकलाही फारसा नाही. तुम्ही वेळेवर जेवता ना? का नुसता चहा?

इथे लेकाकडे आल्यापासून नात माझ्याजवळ फिरकतच नव्हती, आईच्या मागे लपायची. काल मात्र गंमत झाली. गॅलरीतलं झाड मलूल पडलेलं, म्हणून मी त्याच्याशी बोलत बसले होते. आपला लेक म्हणतो, "आई, झाडाला मन नसतं गं. तुझंच मन तुला त्यात दिसतं."

"आणि गाडी सुरू होईना की तिला राणी कोण म्हणतं रे?" मी विचारलं. सूनबाई अशी हसली म्हणता!

मग नातीला म्हटलं, "त्याला जीव लाव गं, म्हणजे जगेल." तिचं मराठी बेताचंच. तिला वाटलं, बी लावतात तसा जीवही लावतात. मातीत बोट खुपसून विचारते, "आजी, किती खोल लावायचा?"

"जाईल तितका," म्हटलं. बाईसाहेबांनी कोपरापर्यंत हात घातला!

झाडाला काय कळलं ते झाडालाच ठाऊक. पोरगी मात्र तशाच मातीच्या हातांनी आपणहून माझ्या मांडीत येऊन बसली. साडी पार माखली. अजून धुवायला टाकली नाही.

तुमचीच,
कारभारीण