झेंडा बन्सीच्या हातात होता

प्रिय अजिनाथ,

फोन उचलत नाहीस, उचललास तरी मागं हॉर्न वाजत असतो, म्हणून लिहायला बसले. तीनदा उठून पाणी प्यायले, तरी मन थाऱ्यावर नाही. वेळेवर जेवतोस ना? आई परवा म्हणाली, "टँकर आला की आख्खं देवगाव पळतं गं, पर माझं पोरगं दोन घास खायला बी उतरत नाय." विहिरी आटल्यात, गाव हंडे मांडून तुझीच वाट बघतं. तुझी घाई कळते मला.

आमच्या रेल्वेच्या मोटार ट्रॉलीला तू रुळावरची रिक्षा म्हणतोस. हसण्यासारखी आहेच ती. साहेब पुढं बसून रूळ तपासतात, आम्ही चौघं मागं. पण फाटक आलं की हसणं संपतं, ट्रॉलीसाठी ते बंद होत नाही. रेल्वेला माणूस भितो, ट्रॉलीला कोण भिणार? म्हणून ती अलीकडंच थांबवायची, दोघांनी उतरून दोन्ही बाजूंना लाल झेंडा धरायचा आणि रस्ता खरंच थांबला की मगच पलीकडं न्यायची. शहर वाढलं तशी फाटकाशी प्लॉटिंगच्या पाट्यांची आणि गाड्यांची नुसती रीघ लागलीय. झेंडा दिसला की लोक थांबायचं सोडून गाडी दामटतात.

तू मात्र मला पाहून थांबतोस. वर "ओ झेंडेवाल्या बाई, आटपा की!" म्हणून ओरडतोस. मला आपलं वाटायचं, माझा भाऊ शहाणा आहे.

मंगळवारी मी पलीकडच्या बाजूला होते. तुझ्या बाजूला बन्सी होता, आमच्यातला नवा, अंगाची हळदसुद्धा न उतरलेला. तू वेग कमी केलास, म्हणून त्यानं ट्रॉलीला पुढं यायला हात केला. मग तू त्याचं तोंड पाहिलंस, आणि मी नाही म्हणून टँकर पुढं घातलास. बन्सी मागं कोसळला, कोपर फुटलं, झेंडा तुझ्या चाकाखाली गेला. ट्रॉलीचा ब्रेक वेळेत लागला म्हणून वरचे वाचले. आरशात तरी पाहिलंस का रे?

साहेबांनी टँकरचा नंबर विचारला. मी सांगितला, आणि ड्रायव्हर माझा भाऊ आहे हेही सांगितलं. आज ना उद्या तुझ्या मालकाला फोन जाईल, कदाचित गाडी काढून घेतील. दुसऱ्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे लिहिलं. आईला अजून बोलले नाही. वर्षभर माझ्याशी बोलू नकोस, रडेन, पण सोसेन. पण नंबर लपवून बन्सीच्या बायकोपुढं जाऊन उभं राहणं मला सोसलं नसतं.

रागावलेली, तरी तुझीच,
योगिनीताई