बिनकातरलेले कान

पेडगाव, ता. १२ नोव्हेंबर २०२४

चि. दैवशालास आबाचे अनेक आशीर्वाद.

घशाच्या ऑपरेशनात आवाज गेला, म्हणून फोनऐवजी पत्र. गाठ पुन्हा आलीय. मी परभणीला जाऊन मृत्युपत्र करून आलो. शेत तुझ्या भावाला, मल्हारला. शेळ्यांचं असं लिहिलं : कान कातरलेल्या मल्हारच्या, बिनकातरलेल्या तुझ्या. वकील म्हणाले, लेकीच्याही शेळ्यांना खूण करा. पण तुझ्या जनावराला कात्री लावायला माझा हात धजला न्हाई. नवरा सोडून गेल्यापासून तू लोकांचा कापूस वेचायलीस, ते आता बस झालं. मात्र मी डोळे मिटेपर्यंत कळप फोडू नको. तुझी चांद्री शेळी तुझ्यासारखीच हट्टी, माझ्या हातची भाकर खाल्ल्याशिवाय उठत न्हाई.

जिवाला जप. माझी माया आहेच.

तुझा आबा, रायभान


मानवत, ता. १८ नोव्हेंबर

ती. आबांस दैवशालाचा सा. न.

पत्र वाचून रडले, चांद्रीचं वाचून हसलेही. शेळ्या मिळाल्या तर कुणाच्या बांधावर उभं राहायला नको. पण आबा, साबूत कान काय, कुणीही कधीही कातरील. माझ्या शेळ्या आत्ताच नेऊ द्या, न्हाई तर कागद बदला. मल्हारला सांगू नका असं लिहिणार होते, पण तुमी आता कुणालाच काही सांगत न्हाई.

लेकीवर अशीच माया ठेवा.

दैवशाला


पेडगाव, ता. २५ नोव्हेंबर

ती. अक्कास मल्हारचा शि. सा. न.

फोनवर तू रडत बसशील म्हणून लिहितोय. आठवडा झाला, आबांनी बाज धरलीय, अक्षरही दिसत नाही, तेव्हा तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. कानाची गोष्ट तुला बरी सुचली, माझ्या डोक्यात आली नसती. दुसऱ्या दिवशी सगळ्या शेळ्यांचे कान कातरले. चांद्री लय ओरडली. आबा बाजेवरून बघत ताट वाजवायले होते. भूक लागली असेल म्हणून बायकोनं पेज नेली, ती त्यांनी तिच्या अंगावर सांडली. कागद बदलायचा म्हणतेस, तर त्यांना परभणीला नेणार कोण?

तुला काहीच उरलं नाही असं मनात आणू नकोस. घरात बिनकातरल्या कानाचे आबा आहेत. कागदाप्रमाणे ते तुझे. येऊन घेऊन जा. कळप राखून त्यांचं हगणंमुतणं काढायला माझी बायको मोकळी नाही.

लोभ आहेच, तो वाढावा.

मल्हार


मानवत, ता. ९ डिसेंबर

चि. मल्हारास,

तुझ्या दारातून आबांना टेम्पोत घेतलं, तेव्हा तू चादरही दिली न्हाईस. मी गाडी आधी परभणीला वळवली. वकिलाच्या दाराशी हाक मारली तर आबा उठले न्हाईत. वाटेतच गेले होते. शेळ्या तुझ्याच राहिल्या.

आबांना मानवतला आणलं. अग्नी मी दिला. तुला कळवलं न्हाई, कागदाप्रमाणे ते माझे होते.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुला तो कमी न्हाई.

दैवशाला