धर्माच्या दळणाची दळणावळ

खळ्याची जागा दान देताना तुम्ही मला विचारलं नव्हतं. मी नवी सून, माझं मत कोण विचारणार, हे मान्य. पण त्याच खळ्यावर म्हातारपणी मला ताट पुढं घेऊन पंगतीत बसायला लागेल, एवढं तरी तुमच्या मनात यायला पाहिजे होतं. वाढणारा मॅनेजर म्हणतो, "घ्या आजी, लाजू नका," जसं काही त्याच्या बापाचंच खळं. आणि दारातल्या दगडावर नाव कुणाचं, तर मामंजींचं. जागा द्यायची म्हटल्यावर जे महिनाभर तोंड फुगवून बसले होते, त्यांचं नाव संगमरवरावर, आणि ज्यांनी त्यांच्या मागं लागून लागून अंगठा उठवायला लावला त्या तुम्ही कुठंच नाही. हे मी कधीचं बोलायचं म्हणत होते. आता आत्याबाई, बसा. सांगते.

तुम्ही जागा दिली ती बोर्डिंगसाठी, डोंगराकडच्या वाड्यांवरची पोरं इथं राहून शिकावीत म्हणून. घरोघरी चूल पेटायच्या आधी मूठभर धान्य बाजूला निघायचं आणि तुम्ही डोक्यावर टोपली घेऊन ते गोळा करत फिरायच्या. पुढं वरच्या गावांना रस्ते झाले, शाळा झाल्या, बोर्डिंग ओस पडलं. बोर्डिंगचा ट्रस्ट तेवढा उरला. ट्रस्टनं रस्त्याच्या अंगाला मंगल कार्यालय बांधलं. आत गुळगुळीत फरशी, छताला झुंबर, दारात कारंजं. ते फक्त नवरदेव आला की उडतं. मागं तुमचं जुनं स्वयंपाकघर मात्र आहे तसंच आहे. तिथं रोज दुपारी गावातल्या म्हाताऱ्यांना फुकट जेवण असतं. पोरं सगळ्यांचीच गेली. माझा चाकणला कंपनीत आहे, पोरगी महाळुंगे पडवळला दिलेली. पोरगा पैसे धाडतो, कणगीत बाजरी आहे, तेव्हा मी उपाशी नाही. पण उसात बिबट्या फिरतो म्हणून दिवस कलला की जो तो कडी लावून आत. संध्याकाळी कुणी कुणाच्या ओट्यावर येत नाही. माणसात बसायची ती एवढीच दुपारची वेळ. भूक घरीही भागते, आत्याबाई. तोंड मात्र घरी मिटलेलंच राहतं.

पंगतीत माझ्या उजव्या हाताला एक म्हातारा बसायचा. निरगुडसरकडनं कधीतरी सालानं गडी म्हणून आला आणि इथंच राहिला. जन्मभर दुसऱ्याच्या बैलांमागं चालला, बायको गेली, पोरबाळ नाही. तुम्ही गेलात तोवर तो गावात आला नव्हता, नाहीतर तुम्ही त्याला कामाला लावलंच असतं. मी जायच्या आधी तो माझ्या जागेवर आपली टोपी काढून ठेवायचा. कुणी बसायला लागलं की म्हणायचा, "तिथं सरकारी माणूस बसतंय." मी आले की टोपी झटकून डोक्यावर. "वैनी, आज आमटीत डाळ हाय, पोहायला येतं का?" मी म्हणायची, "तुमच्या जिभंला आदी पोहायला शिकवा, दिसंभर बुडल्याली असती." सगळी पंगत हसायची. आता हे लिहिताना त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला सांगता येत नाही. तिथं हसू यायचं, एवढं खरं.

तर झालं असं. ग्रामपंचायतीत नवीन ग्रामसेविका आली. तिनं गावातलं घर न् घर टेपानं मोजलं. माझी पडवीसुद्धा मोजली, कोंबड्यांच्या खुराड्याकडंही बघत होती. तिनं मंगल कार्यालयालाही घरपट्टी लावली. आजवर ती कुणी लावली नव्हती. ट्रस्टनं लगेच अर्ज केला की आम्ही धर्मादाय, आम्हाला माफी द्या. माफी द्यायची का नाही, हे ग्रामसभेत विचारायचं ठरलं. आदल्या दिवशी मॅनेजर भात वाढता वाढता प्रत्येकाच्या ताटापाशी थांबत होता. "पट्टी लागली तर हे जेवण बंद करावं लागंल, आजी. उद्या हात वर करताना ध्यानात ठेवा." भात गरम होता. मी तो ताटाच्या कडेला सारला. वाढताना हिशेब सांगणारा माणूस तुम्ही त्या स्वयंपाकघरात उभा केला नसता.

सभा देवळापुढच्या मांडवात होती. एवढी माणसं मी लग्नाशिवाय बघितली नव्हती. दानधर्माला कर लावावा का, ह्यावर गावाचं डोकं इतकं तापेल असं कुणाला वाटलं नसेल. चहाच्या टपरीवाला आधी उठला. "माझी टपरी पत्र्याची. चार गिऱ्हाईकं आली की मी भाईर. मला पट्टी हाय, अन् झुंबरवाल्यांना माफी. मग मीबी बोर्ड लावतो, धर्मादाय चहा!" मागनं कुणीतरी ओरडलं, "आदी पिण्यासारखा कर, त्योच लई मोठा धर्म!" मग किराणावाले शेठ उठले. त्यांच्या आजोबांपासून ते इथंच आहेत, पंगतीची डाळ त्यांच्या दुकानातनं येते आणि तिचे पैसे ते घेत नाहीत. ते म्हणाले, "राव, देणाऱ्यानं एकदा आपल्या घासातनं काढून दिलंय. त्या घासावर परत पट्टी? उद्या देवाच्या दिव्यालाबी मीटर लावाल." टपरीवाला म्हणाला, "मीटर हायच की शेठ, बिल न्हाई भरलं तर देवबी अंधारात बसतो." लोक हसले, पण शेठ हसले नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं खोटंही वाटलं नाही. एक बाई म्हणाली, "सरकारनं म्हाताऱ्यांना जेवू घातलं असतं तर ट्रस्ट लागला असता का? जो सरकारचं काम करतो त्याच्याकडनंच मागायचं?" तेही पटलं. पण लग्नाची तिथ असली की आमच्या आळीच्या नळाला थेंब नसतो, सगळं पाणी त्या हॉलच्या टाकीत, आणि उष्ट्याची गटार तुंबते ती माझ्या दारात. हे मला जास्त पटलेलं होतं, कारण नाक माझं आहे.

आणि तेवढ्यात तुम्ही आठवलात. आपण दोघी गिरणीत उभ्या आहोत. एक पोतं घरचं, एक बोर्डिंगचं. पट्टा फटफट वाजतोय, गिरणीवाल्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या. तो मजुरीचे दाणे मोजायचं मापटं बाजूला सारतो, म्हणतो, "काकी, बोर्डिंगचं दळण हाय, ह्याची दळणावळ नको मला." मी मनात खूश होते, म्हणते, "देतोय तर घ्या की, आत्याबाई." तुम्ही माझ्याकडं असं बघता की माझा पदर आपोआप पुढं येतो. मग त्याला म्हणता, "धर्म माझा हाय, दगड तुझा हाय. माझ्या धर्मानं तुझा दगड का झिजावा?" आणि घरी येताना वाटेनं मला सुनावता, "फुकट काय नसतं गं. कुणाचं तरी झिजतंच. आपल्याला दिसत न्हाई म्हणून फुकट म्हणायचं." तिथपर्यंत मला आठवलं, आणि मी उठले. गुडघ्यांना विचारलं नाही.

मी सगळ्या सभेला तुमचा दगड सांगितला. म्हणाले, "धर्माच्या दळणालाबी दळणावळ पडती. हॉलच्या गाड्यांनी रस्ता गावाचा झिजतो, पाणी गावाचं जातं, गटार गावाची तुंबती. मग द्या की पट्टी!" टपरीवाल्यानं टाळ्या वाजवल्या. चारजणांनी वाजवल्या म्हणून मला चढलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा पंगतीतला माझा तो म्हातारा, न उठता, बसल्या जागेवरनं म्हणाला, "वैनी, अन् जेवाण बंद झालं तर?" मी म्हणाले, "हूं दे बंद. त्याबिगर काय कुणी मरत न्हाई." त्यानं टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. "तुमी न्हाई मरायच्या," म्हणाला. "तुमच्याकडं चूल हाय." एवढंच. मग एकच गलका झाला आणि सरपंचानं विषय पुढच्या सभेवर टाकला.

दुसऱ्या दिवशी मी पंगतीत गेले तर माझ्या जागेवर दुसरी कुणीतरी बसली होती. टोपी त्याच्या डोक्यावर होती. मी पार कडेला, पाण्याच्या पिंपाशी बसले. कुणी वाकडं बोललं नाही. बोललं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं, दोन द्यायच्या ऐवजी चार दिले असते आणि सगळं जागेवर आलं असतं. पण कुणी बोललंच नाही. मॅनेजर तेवढा गोड झाला, "घ्या आजी, अजून घ्या," आणि ते मला शिवीसारखं लागलं. त्यानंतर मी गेले नाही. टपरीवाला रस्त्यात हाका मारतो, "आजी, एक नंबर बोललात, या, चहा घ्या!" त्याचा फुकटचा चहा मी घेत नाही. एरवी मला एक नंबर म्हणणारं ह्या गावात कुणी नव्हतं, आणि आता आहे तर त्याच्याशी दोन घटका बोलावंसं वाटत नाही. दुपारी दार उघडं टाकून बसते. तो म्हातारा काठी टेकत समोरनं पंगतीला जातो. पूर्वी माझ्या दारापुढं, चला म्हणून, खोकायचा. आता खोकत नाही.

परवा दळण घेऊन गेले. गिरणी तिथंच आहे, आता तिथं त्या गिरणीवाल्याचा नातू बसतो. मी दोन डबे ठेवले, एक बाजरीचा, एक गव्हाचा. त्यानं विचारलं, "आजी, कुठल्या डब्याला आदी हात लावू?" आणि मी तिथंच ओट्यावर बसले. कारण त्याच्या आजानं त्या दिवशी तुम्हाला असंच विचारलं होतं. दळणावळ घ्यायचीच म्हणता, तर कुठल्या पोत्यातनं काढू? आणि तुम्ही आपल्या घरच्या पोत्याकडं बोट दाखवलं होतं. "ह्यातनं काढ. पोरांच्या मुठीला हात लावायचा न्हाई." त्यानं मापटं भरून घरच्या पोत्यातनं दाणे काढले. त्या आठवड्यात घरात पीठ कमी पडलं. सगळ्यांत शेवटी जेवणारी मी, म्हणून माझी भाकरी अर्धी झाली. धर्म तुमचा, दगड त्याचा आणि पोट माझं. मी पुष्कळ दिवस धुसफुसत होते. तरी नेमकं तेवढंच विसरले. तुम्ही जे बोललात ते माझ्या ध्यानात राहिलं, आणि जे केलंत ते राहिलं नाही. सभेत मी अर्धीच गोष्ट सांगितली, आणि तीही टोचणारी अर्धी.

आता कळतंय की मॅनेजरला कुणी विचारलंच नाही, पट्टी कुठल्या पोत्यातनं भरणार? झुंबराखाली भाड्याचं जे पोतं भरतं, त्याचं त्यानं नाव काढलं नाही. म्हाताऱ्यांच्या मुठीवर हात ठेवून त्यानं आम्हाला भ्या घातलं, आणि मी त्याच्यावर ओरडायचं सोडून ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला म्हणाले, हूं दे. तुम्ही असता तर तिथंच मांडवात माझा पदर ओढून मला खाली बसवलं असतं.

हे कुणाला सांगावं? पोराला फोनवर सांगायला लागले तर म्हणाला, "आई, तुला त्या पट्टीचं काय करायचंय, तू दोन घास खा अन् गप बस." म्हणून हे लिहायला घेतलं. त्या हॉलमधल्या लग्नांच्या पत्रिका घरात पडल्यात, त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, जोडाक्षर आलं की पेन अडतं. तुम्हाला तर अक्षरच येत नव्हतं, तेव्हा पाठवायचा प्रश्न मिटला. वाचून दाखवायला कुणाला बोलवावं तर सगळ्या गावाला कळेल.

एक मात्र सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. पट्टी लागो नाहीतर माफ होवो, मला त्याचं एवढं नाही. मला जमिनीवर ठेवलेली ती टोपी पाहिजे.

पुढच्या सभेत मी उठणार, आणि कुठल्या पोत्यातनं हे मॅनेजरला विचारणार. त्याचं उत्तर तो देईल नाहीतर टपरीवाला त्याच्याकडनं काढून घेईल. पण त्याआधी त्या म्हाताऱ्यापुढं जाऊन "हूं दे" हा शब्द परत कसा घ्यायचा, ते मला येत नाही. तुम्ही कधी घेतला नाहीत, म्हणून मी कुठं शिकले नाही. तेव्हा ह्याचं उत्तर तुम्हीच द्यायचं, आत्याबाई. तुमचं तुम्ही. मामंजींना पुढं करायचं नाही.