तळहाताचं माप

कसबा पेठ, पुणे

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार. मी मजेत आहे. फोनवर तुम्ही नुसतं "बरं, बरं" म्हणता, म्हणून लिहिते.

तुमच्या ठासणीच्या बंदुकीचं दुकानात विचारून आले. बार पेटवणाऱ्या केपा आणि छर्रे मिळतील, पण परवाना घेऊन तुम्हालाच यावं लागेल. बंदुकीची दारू आता जास्त जोराची येते. जुन्या अंदाजाने भरली तर नळी फुटेल.

"वडील दारू मापतात कशाने?" दुकानदारांनी विचारलं.

"तळहातावर घेऊन."

"मग ती भिंतीवरच शोभेल," दुकानदार म्हणाले.

मी हसले. मग आठवलं, गणपतीत मला चहा देताना तुमच्या हातून निम्मा बशीत सांडला होता.

आईचा गुडघा कसा आहे?

दिवाळीला मी दारू मापायची नळी घेऊन येते. तोवर बार काढू नका; रानडुकरं शेतातला भात खातील, तर खाऊ देत.

तुमची
शर्मिला