पाटीखालची पाटी

३ मार्च

मालकाचं डोकं फिरलंय! सकाळी म्हणे, पाटीवरचं ‘डिस्को’ पुसा, ‘नाईट क्लब’ लिहा. दुपारी म्हणे, ‘क्लब’ नको, पत्ते कुटणारे म्हातारे आठवतात, ‘लाउंज’ करा. माझं काय जातंय? शब्द त्याचा, ब्रश माझा.

पण हातच चालत नाही. त्याच दाराने आत जाऊन आमच्या लेकीने परवा नाचाची चाचणी दिली. आणि निवड झाली!

४ मार्च

सांगून टाकलं तिला — तिथे नाचायला गेलीस तर या घरात पाय ठेवायचा नाही.

“शाळेत नाचायचे तेव्हा टाळ्या कोण वाजवायचं, बाबा?”

ते वेगळं.

“वेगळं कसं?”

वेगळं म्हणजे वेगळं! बायको तिच्या बाजूची की माझ्या, कळायला मार्ग नाही. आई कोपऱ्यात मटार सोलत बसलेली. लेक म्हणते, नवी पाटी लागली की सोमवारपासून रुजू. म्हणजे ती पाटी मीच लावायची! वा रे नशीब.

५ मार्च

आज मालकाला ‘नृत्यशाळा’ सुचलं. म्हटलं, आयाबाया पोरींची नावं घालायला येतील. हसला. माझं काम पुढे ढकललं गेलं, तेवढंच बरं.

६ मार्च

पत्र्यावरच्या रंगाला फोड आलेत. वडिलांनी मला हा धंदा शिकवला तेव्हाच बजावलं होतं — जुनी पाटी खरवडायची नाही. वर अस्तर मारायचं. खालचं खाली राहू दे. पंचवीस वर्षं पाळलं. आज नाइलाज झाला.

‘डिस्को’ निघालं. खाली ‘कॅबरे’. आणि ‘र’ची ती लांबलचक शेपटी! अशी शेपटी या गावात एकच माणूस काढायचा — वडील. “तसल्या जागेकडे मी ढुंकून बघत नाही,” म्हणणारे वडील!

७ मार्च

डोळ्याला डोळा नाही. पहाटेच गेलो, पत्र्याची उजवी बाजू खरवडली.

बाई निघाली. नाचणारी. निळा झगा, डावा हात कमरेवर, हनुवटी वर, उजवं पाऊल जरासं बाहेर. दूध गॅसवर ठेवलं की आई अशीच उभी राहते. रोज बघतो मी.

आई तिथे नाचायची. लिहून टाकलं एकदाचं.

आधी राग आला. दोघांचाही. मला का नाही सांगितलं? मग आठवलं, मंगळवारी लेकीला मी काय बोललो ते. आणि ते कोणासमोर बोललो ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

८ मार्च

जेवताना एवढंच म्हणालो, पाटी खरवडली. तर आई ताटातून मान वर न करता म्हणते, “झगा निळाच आहे का रे अजून? माझा हिरवा होता. तुझ्या वडिलांकडे निळा डबा उरला होता, तो संपवला त्यांनी!”

बायकोच्या हातातला डाव हवेतच. लेक माझ्याकडे बघतेय, मी ताटाकडे.

विचारलं, का सोडलंस? “गुडघा गेला म्हणून. लाज वाटली म्हणून नाही. तुझ्या वडिलांना मात्र लोकांची फार भीती. मग मीही गप्प बसले. बसायला नको होतं.”

मग मी विचारलं, “तू काय म्हणायचीस गं त्या जागेला? कॅबरे? क्लब?”

“मी? मी कशाला काय म्हणतेय! कामावर जाते, म्हणायचे.”

९ मार्च

‘लाउंज’ ठरलं. एकदाचं! अक्षरं डाव्या बाजूला घेतली. बाई तशीच ठेवली. झगा हिरवा केला. मालक खूश. रंग कुठला, कशासाठी, त्याला नाही सांगितलं.

१० मार्च

सकाळी पाटी लावली. दुपारी शेजारीण दारात — “लेक दिसत नाही आज?”

म्हटलं, कामावर गेलीय.