गव्हाच्या उलट्या रांगा

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा आलं. ही मोठ्याने वाचत होती आणि मी शर्टाला इस्त्री करत ऐकत होतो. चष्मा दुसऱ्यांदा बदललास, डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोष काहीच नाही म्हणून सांगितलं आणि तरीही तू आता तिसऱ्या डॉक्टरकडे निघालीस, हे वाचून ही म्हणाली, ताईंना झालंय तरी काय? मी त्याच कॉलरवरून पुन्हा इस्त्री फिरवली. मी गप्प बसलो की हिला लगेच संशय येतो, आणि या वेळी तो बरोबर होता. तू त्या डॉक्टरकडे जाऊ नकोस, ताई. का ते सांगतो, पण मला जरा वळणं घेत सांगू दे. सरळ सांगायची हिंमत असती तर हे पत्र वर्षापूर्वीच लिहिलं असतं.

तुझी भाची मजेत आहे. शाळेतून येताना खिशात कसल्या कसल्या बिया भरून आणते आणि आत्याला दाखवायच्या म्हणून काड्यापेटीत ठेवते. कपडे धुताना सापडतात त्या वेगळ्याच. संशोधन केंद्रात तुझी खोली अजून रिकामी आहे. सफाईवाल्या बाईंनी तुझ्या खिडकीतल्या वाळक्या ओंब्या टाकायला काढल्या होत्या, तर मी असा काही ओरडलो की बिचाऱ्या दोन दिवस माझ्या टेबलाकडे फिरकल्या नाहीत.

मला इथे तूच आणलंस. गोदामातल्या खोक्यांचा हिशेब ठेवणारे प्रोग्राम लिहिणारा मी, मला गव्हातलं काय कळत होतं? भाऊ कामाला चांगला आहे, तोंडाने वाईट आहे, अशी माझी शिफारस तू संचालकांकडे केली होतीस म्हणे. पहिल्या दिवशी तू माझ्या तळहातावर ओंबी चोळून दाणे दाखवलेस आणि मी शिंकून ते सगळे उडवून लावले. तरी तू मला हाकललं नाहीस. जनुकांच्या खुणांवरून कोणता वाण किती पिकेल याचा अंदाज कसा बांधायचा, ते तू मला एखाद्या ढ मुलाला पाढे शिकवावेत तसं शिकवलंस. वर्षभरात मी असा काही शेफारलो की तुलाच शिकवायला लागलो.

आता ती तीन वर्षांपूर्वीची बैठक. चाचणीत दोनशे चाळीस वाफे होते, वीस-वीसच्या बारा रांगा. आठव्या रांगेतला चौथा वाफा तुला आवडला होता. इतकी वर्षं गहू बघतेय, पण असा बघितला नाही, असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. माझ्या प्रोग्रामने काढलेल्या क्रमवार यादीत मात्र तो दोनशे अकरावा होता. त्यावर मी जे बोललो ते तू विसरली असशील असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत आलो. मी म्हणालो होतो, "ताई, माणसाचे डोळे थकतात, आकडे थकत नाहीत." लोक हसले. तू वाद घातला नाहीस. लाल पेन्सिलीने त्या वाफ्यावर काट मारलीस आणि वही मिटलीस. त्यानंतर शेतात कुठल्याही वाफ्याकडे बोट दाखवण्याआधी तू मला विचारायला लागलीस, यादी काय म्हणते रे? मला ते फार गोड वाटायचं. लाज वाटते लिहायला, पण वाटायचं.

गेल्या वर्षी तू केंद्र सोडून जाण्याच्या आदल्या आठवड्यात मापं घेणारा सहायक रजेवर होता, म्हणून वही घेऊन मी शेतात गेलो. बरोबर शेतावरच्या मावशी होत्या. पहिली रांग संपली आणि मी दुसरीच्या सुरुवातीला जायला मागे फिरलो, तर मावशी म्हणाल्या, "अहो, तिकडे कुठे निघालात? ताई तर इथूनच वळायच्या." मी जागच्या जागी उभा राहिलो. इतक्या वर्षांत एकही चाचणी मी टोकापर्यंत चाललो नव्हतो. मापं तू स्वतः घ्यायचीस तेव्हा पहिली रांग जाताना लिहायचीस आणि दुसरी येताना. वहीत वाफ्यांचे नंबर नसायचेच, नुसते ओळीने आकडे. आपले जुने टंकलेखक एकाआड एक ओळ उलटी करून घालायचे, कोणी न सांगता. ते निवृत्त झाले आणि वही वाचायचा प्रोग्राम मी लिहिला, तेव्हा प्रत्येक रांग एकाच टोकाकडून सुरू होते असं गृहीत धरलं. तुझ्या चौथ्या वाफ्याचे आकडे सतराव्याला गेले आणि त्या मरतुकड्याचे तुझ्या गव्हाला. तो सतरावा आपण पुढच्या चाचण्यांत नेला, दोन वर्षं तो आपटला आणि आपण हवेला दोष देत बसलो.

त्या संध्याकाळी मी रांगा सुलट्या करून यादी पुन्हा काढली. तुझा गहू पहिला आला, ताई. दोनशे चाळीसांत पहिला. आणि मी मूग गिळून बसलो. माझा प्रोग्राम आणखी चार केंद्रांनी नुकताच घेतला होता, विभागप्रमुख म्हणून माझं नाव चाललं होतं. चूक गुपचूप दुरुस्त केली आणि नोंदीत लिहिलं, किरकोळ सुधारणा. तुझ्या निरोपाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं, तुझ्या नजरेचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा मला सगळं माहीत होतं. आता माझी नजर राहिली नाही म्हणून जातेय, असं तू मला जिन्यात म्हणालीस, तेव्हाही. तू निवृत्तीच्या सहा वर्षं आधी गेलीस ती माझ्यामुळे.

सोमवारी बैठकीच्या त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर मी हे सगळं सांगितलं. चारही केंद्रांना पत्रं गेली. माझं जे व्हायचं ते होईल. माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, ती तोंडावर मागेन, तू मागू दिलीस तर. लिहितोय ते वेगळ्याच कारणाने. टाकून दिलेल्या वाणाचंही एक पाकीट तू शीतगृहात ठेवायचीस, त्यातले चाळीस दाणे मी यंदा पेरले. एकतीस उगवले, परवापासून ओंब्या बाहेर पडताहेत. त्यातली कोणती झाडं बियाण्याला ठेवायची हे याच पंधरवड्यात ठरवायला हवं. मी त्यांचं एकही माप घेतलेलं नाही, कोणाला घेऊ दिलेलं नाही. तू ये आणि बघून सांग, मी नुसतं लिहून घेईन. माझं तोंड बघायची इच्छा नसेल तर तारीख तेवढी कळव. त्या दिवशी मी घरी राहीन, फाटकाची किल्ली मावशींकडे असेल.

तुझाच,
धाकटा