बहात्तर प्रोग्रॅम, तफावत शून्य

३ मे १९८२, सोमवार
जी.एम. साहेबांनी बोलावलं. मशीनवाली कंपनी आमच्या खत कारखान्याच्या कम्प्यूटरचा जुना कम्पायलर १५ जूनला परत नेणार. नवा आलेला आहे. आमचे बहात्तर प्रोग्रॅम नव्यातून पुन्हा काढायचे आणि ३० जूनला कर्मचाऱ्यांची सेवाज्येष्ठता यादी नव्या प्रोग्रॅमवर छापून बोर्डावर लावायची. साहेब म्हणाले, यादी नीट लागली की ई.डी.पी.च्या, म्हणजे आमच्या कम्प्यूटर विभागाच्या, मॅनेजरच्या रिकाम्या जागेचं बघू. म्हणजे जागा माझीच.
निश्चय : रोज साडेसातला ऑफिसात. मशीनरूममध्ये चहा बंद. कोणावर चिडायचं नाही.

४ मे
स्टाफला समजावून सांगितलं. स्टाफ म्हणजे ज्युनिअर प्रोग्रॅमर प्रेमिला आणि ऑपरेटर देवाजी. कम्पायलर म्हणजे दुभाषा. आपण लिहिलेलं तो मशीनच्या भाषेत करून देतो. दुभाषा बदलला म्हणून आपलं म्हणणं बदलत नाही. उदाहरण छान जमलं होतं. देवाजी म्हणाला, दुभाष्या बी कधी कधी आपल्या मनचं घालते ना मॅडम. मी म्हटलं, कामठीच्या बसमधल्या गप्पा कामठीच्या बसमध्येच. चिडले नव्हते.

११ मे
एकोणीस प्रोग्रॅम झाले. एरर शून्य. वॉर्निंग ३१२. वॉर्निंग ही सूचना असते, हुकूम नव्हे. त्यात कागद फार जातो म्हणून छापणं बंद करवलं. आता वॉर्निंगही शून्य.
प्रेमिला म्हणाली, त्या वाचायला हव्या होत्या, मोजणी ठेवणाऱ्या काउंटरला सुरुवातीची किंमत दिलेली नाही असं त्यात लिहून येतंय. हे प्रोग्रॅम मी १९७१ साली लिहिले. अकरा वर्षं चालताहेत. तेव्हा ही फ्रॉकमध्ये असेल. तिला तसं सांगितलं.
साडेसात जमलं नाही. घरच्या कूलरमध्ये पाणी भरायचं होतं.

२४ मे
बहात्तरही झाले, आठवडाभर आधी. आता पॅरलल रन. तेच काम एकदा जुन्या प्रोग्रॅमवर, एकदा नव्यावर, आणि दोन्ही छापील कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ ताडायची. नव्या रनची कार्डं, म्हणजे कोणता प्रोग्रॅम कुठून उचलायचा हे मशीनला सांगणारा भोकाच्या कार्डांचा गठ्ठा, मी स्वतः लावला. जुन्या गठ्ठ्याची हुबेहूब नक्कल पंच करून घेतली, तपासली, वर शिक्का मारला : तपासले, बदलू नये.

२५ मे
देवाजी दारातून म्हणाला, मॅडम, ह्या नव्या गठ्ठ्यातलं दुसरं कार्ड तं जुन्याच लायब्ररीचं नाव सांगून राहिलं. लायब्ररी म्हणजे डिस्कवर तयार प्रोग्रॅम ठेवायची जागा, एवढं त्याला माहीत आहे. त्याला शिक्का दाखवला. म्हणाला, शिक्का तं बराबर हाये. मग प्रश्न मिटला.

३१ मे
तफावत शून्य. एका अक्षराचीही नाही. मॅन्युअलप्रमाणे नव्या कम्पायलरमध्ये तारखेची मांडणी बदलायला हवी. तीही जुन्यासारखीच आली. इतकं चोख काम.
प्रेमिला म्हणाली, मॅडम, जरा जास्तच तंतोतंत नाही का हे. हल्लीच्या मुलींना यश पचत नाही.
मशीनरूममध्ये अर्धा कप घेतला. विशेष प्रसंग.

१४ जून
उद्या मशीनवाले येणार. जुनी लायब्ररी पुसायची. देवाजी म्हणाला, एका टेपवर कापी घेऊन ठेवू ना, टेप काय खाते? मी म्हटलं, मनात संशय ठेवून काम करायचं तर करूच नये. कन्सोलवर हुकूम मी स्वतः टाइप केला. चार सेकंदांत साफ. साहेबांना फोन केला. म्हणाले, नक्की ना? मी म्हटलं, तफावत शून्य.
मॅनेजरच्या केबिनची खिडकी पश्चिमेला आहे. पडदे जाड लागतील.

२८ जून
यादीचा रन लावला. मशीन म्हणालं, प्रोग्रॅम सापडत नाही. देवाजीने गठ्ठ्यातलं दुसरं कार्ड काढलं, नव्या लायब्ररीच्या नावाचं पंच करून आणलं. जुनं कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मला ते आवडलं नाही.
मग यादी आली. पहिला क्रमांक : चहा आणणारा नत्थूजी, सेवा ७४० वर्षे. गेल्या वर्षी नोकरी सोडून गेलेला एक फिटर तिसरा. मी शेवटची, सेवा ०० वर्षे.
प्रेमिला म्हणाली, जुना कम्पायलर सगळे काउंटर आपणहून शून्य करून द्यायचा. नवा देत नाही, आधीचा कचरा असेल त्यातच मोजत सुटतो. आणि आठवडाभर आपण जुन्याची तुलना जुन्याशीच करत होतो.
उकाडा असह्य आहे.

२९ जून
प्रेमिलाच्या हिशेबाने दुरुस्तीला दीड महिना. जुनं काहीच शिल्लक नाही. देवाजीने पर्सोनेलमधून सर्व्हिस बुकं आणली आणि यादी हाताने लिहायला बसला. नत्थूजी त्याला म्हणत होता, सातशे चाळीस वर्सं झाली गा मले, आता तं मॅनेजर करा. देवाजी म्हणाला, थांब गा, आणखी एक रन होऊ दे. मी हसले नाही. कोणीतरी गंभीर राहायला हवं.

३० जून
यादी बोर्डावर लागली. बॉलपेनने, कार्बन घालून, अकराशे चाळीस नावं, वेळेवर. खाली 'ई.डी.पी. विभागातर्फे' असं लिहावं असं मी सुचवलं. देवाजी म्हणाला, जागा नाही उरली मॅडम.
चुका शोधल्या. सापडल्या नाहीत.

७ जुलै
ऑर्डर आली. मॅनेजरची जागा तूर्त रिकामीच. प्रोग्रॅमच्या दुरुस्तीची जबाबदारी प्रेमिलाकडे. साहेबांना मला मार्गदर्शनासाठी मोकळं ठेवायचं असणार.
मार्गदर्शन म्हणून प्रेमिलाने माझ्याकडे पहिले चोवीस प्रोग्रॅम दिले. वॉर्निंग वाचायची, काउंटर शोधायचा, शून्य करायचा. दिवसभरात नऊ केले. काम वाटतं तितकं सोपं नाही.
संध्याकाळी तिने तपासले. दोन परत आले.